मांडून ठेवा

दहावीचा भूगोलाचा पेपर आमच्या बॅचनं दिलाच नाही. २३ मार्च २०२० ला तो होता. कोरोनामुळं दोन दिवस आधी तो पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. मी अभ्यासातून उठलो तो थेट आमच्या किराणा दुकानात अण्णांच्या हाताखाली उभा राहिलो.

बाहेरचे लोक आमच्या धर्मापुरीत येतात ते केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आणि किल्ला बघायला. गावाचा रोजचा जीव मात्र किराणा, चहाचं हॉटेल, सलून, पिठाची गिरणी आणि खत-बियाण्यांची दुकानं यांच्यात असतो. आम्ही पोरं संध्याकाळी तिथंच असायचो. लॉकडाऊन लागला २५ मार्चला, नेमका गुढीपाडव्याला. अण्णांनी परळीच्या मोंढ्यातून साखरेच्या गाठी भरून ठेवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तशाच राहिल्या आणि उन्हानं एकमेकींना चिकटल्या. मग आईनं त्या बत्त्यानं फोडल्या आणि महिनाभर चहात घातल्या.

दुकान सकाळी थोडाच वेळ उघडं असायचं. दारात आडवी दोरी आणि पुढं चुन्यानं आखलेले गोल. नोटा डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायच्या, सामान पाटावर ठेवायचं. चार दिवसांतच डबा रिकामा राहू लागला. मजुरी बंद, बाजार बंद, मग पैसा येणार कुठून? लोक गोलात उभे राहून लांबूनच म्हणायचे, ‘‘अण्णा, मांडून ठेवा.’’

अण्णा मांडत गेले. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता आणि त्याचा मोठा आधार होता. पण फोडणीला तेल लागतं. मीठ, मिरची, चहापत्ती, अंगाचा साबण, काडेपेटी, हे रेशनवर मिळत नाही. त्या दिवसांत गरिबाची चूल सरकारी तांदळावर जेवढी पेटली, तेवढीच गावोगावच्या किराणा दुकानांतल्या उधारीवर पेटली, असं मी ठामपणे म्हणेन. त्याची नोंद मात्र लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांपलीकडं कुठंच नाही. मोंढ्यात आम्हाला उधारी बंद झाली होती, माल रोखीनंच उचलावा लागायचा. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या याच काळात. घरात त्यावर फार बोलणं झालं नाही.

खरी कसोटी ऊसतोडीवरची माणसं परतली तेव्हा लागली. लॉकडाऊन लागला तेव्हा बीडचे हजारो कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडात अडकले होते. १७ एप्रिलला सरकारनं तपासणी करून त्यांना गावी सोडायचा निर्णय घेतला आणि ट्रकांतून माणसं, बैल, लेकरं, भांडीकुंडी आपापल्या गावाकडं निघाली. आल्यावर चौदा दिवस गावाबाहेर, कोणी शाळेत, कोणी शेतातल्या खोपीत. हीच माणसं दरवर्षी हंगाम संपवून आली की आधी दुकानाची बाकी भागवायची. त्या वर्षी मात्र हिशेब मुकादमाकडं अडकलेला आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अजून अंगावर.

त्यांच्या याद्या माझ्या मोबाइलवर यायच्या, त्याही आवाजात. एका मावशींचा आवाज मला अजून पाठ आहे. मागं लेकरू रडतंय, वारा घोंघावतोय आणि त्या एकेक जिन्नस थांबून सांगतायत, ‘‘तेल पावशेर घाल बाबा. साखर अर्धा किलो. नाय, पावशेरच घाल. बिस्किटाचा एक पुडा. आन् अण्णाला म्हणावं, आम्ही आलोय.’’ शेवटचं वाक्य मी अण्णांना ऐकवलं. त्यांनी साखर अर्धा किलोच जोखली. मी पिशवी शाळेच्या कंपाउंडवर ठेवून मागं सरायचो, मग त्या पुढं येऊन उचलायच्या.

त्या दसऱ्याच्या सुमारास ऊसतोड कामगारांचा दरवाढीसाठी संप चालू होता. ऑक्टोबरअखेरीस पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली आणि मजुरीत १४ टक्के वाढ ठरली. आमच्या दुकानाला त्या बातमीचा अर्थ लगेच कळला. नवी उचल हातात पडली तशी माणसं फडावर निघण्याआधी दुकानात आली. मावशींनी सगळी बाकी दिली. ज्यांना जमलं नाही, त्यांची अण्णांनी नव्या वहीत ओढली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये किराणा सकाळी सात ते अकराच उघडा ठेवायचा आदेश निघाला, तेव्हा तीच वही पुन्हा भरू लागली. कोरोनाची ती दुसरी लाट पहिलीसारखी नव्हती. रोज ॲम्ब्युलन्स अंबाजोगाईकडं जायची. काही खात्यांची माणसंच परत आली नाहीत. अण्णांनी त्या घरांत बाकीचा विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

दिवाळीच्या आधी त्यातल्या एका घरचा मुलगा आला. माझ्याच वयाचा, शाळेत एक वर्ष मागं. ‘‘आमच्या दादांकडं किती हाय?’’ अण्णा म्हणाले, ‘‘बघून सांगतो, जा तू.’’ तो गेला नाही. पोत्यावर बसून राहिला, वही काढायला लावली, आकडा वाचून घेतला आणि पाचशे रुपये देऊन म्हणाला, ‘‘आता हे खातं माझ्या नावानं करा.’’