खर्ड्याची लुटुपुटीची लढाई

जामखेड,
फाल्गुन शुद्ध पंचमी

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पावले. तुझ्या संघातील मुलांना घेऊन आमच्या तालुक्यातील खर्ड्याच्या किल्ल्यापाशी मराठे आणि निजाम यांच्यातील 11 मार्च 1795 च्या संग्रामाचे दर्शन घडवावे, आणि ते केवळ संवादांतून नव्हे तर मुलांच्या प्रत्यक्ष मुकाबल्यातून घडवावे, हा तुझा मनोदय वाचून आनंद झाला. परंतु मऊ हत्यारे हाती दिल्यास खेळात शौर्याचा अंश उरेल काय, अशी जी शंका तू अखेरीस घातली आहेस, तिचे निरसन केल्यावाचून पुढची कोणतीही तजवीज करणे उचित होणार नाही.

मऊ हत्यार हा आपल्या तालमींचा जुना दस्तूर आहे. फरीगदग्याचे हात शिकणारा मुलगा कातड्याने मढवलेला गदगा आणि लहानशी फरी घेऊन तलवार-ढालीचे पवित्रे गिरवी. आणि भाल्याचा सराव करणाऱ्या स्वाराच्या हाती बोथाटी असे, जिच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा बांधलेला असे. ज्यांना उद्या खरोखरच रणात उतरायचे होते, त्यांनी जर सरावात जोडीदाराचे हाड मोडू नये इतकी दक्षता बाळगली, तर ज्यांना खेळ संपताच आईकडे परतायचे आहे, त्यांच्यासाठी ती किती अधिक बाळगली पाहिजे, हे निराळे सांगणे नलगे.

आता हत्यारांचा तपशील. आत बांबूची कामटी घालू नकोस, कारण ती चिरली की तिच्या सळ्या बाहेर येतात. हलकी प्लास्टिकची नळी घे आणि तिचे तोंड बुचाने बंद कर. गादीतला स्पंज फटक्यासरशी तळापर्यंत दबतो आणि आतली नळी अंगाला लागते, म्हणून योगासनाच्या चटईचा असतो तसा दाट फोम सर्व बाजूंनी गुंडाळावा, टोकापुढे तो चार बोटे अधिक ठेवावा आणि वरून कापडी खोळ शिवावी. ढालीची कडही विसरू नये. झुंजीच्या भरात ती अनेकदा हत्यारापेक्षा अधिक लागते. डोक्याला क्रिकेटचे जाळीचे शिरस्त्राण असावे, आणि तरीही डोके, मान, जांघ व पाठीचा कणा यांवर वार करण्यास सक्त मनाई असावी.

मात्र हत्यार हलके केले की आपले काम संपले, असे मानू नकोस. आघाताची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; आणि हलके हत्यार मुलाच्या हातात अधिक वेगाने फिरते. म्हणून खांद्यामागून हात फिरवून वार करू नये, कोपरापासून करावा, हा हुकूम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावा. जोड्या वयाने नव्हे तर उंची-वजनाने लावाव्यात. ढेकळे-दगड वेचून काढलेल्या मऊ मातीवर खेळ घ्यावा. 'थांबा' हा शब्द कोणीही उच्चारला, मग तो सर्वांत लहान मुलगा का असेना, तरी सर्व हत्यारे तत्क्षणी खाली यावीत. मार्चचे ऊन आमच्याकडे कडक असते आणि फोमचे चिलखत घातले की अंग तापते, म्हणून सकाळचीच वेळ धरावी. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून याच जामखेडात काम करताना गावोगावच्या साध्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तशी एखादी जाणती बाई प्रथमोपचारासाठी रिंगणाशेजारी बसवलीस तर मोठाच आधार होईल.

आता शौर्याविषयी. वार लागला की नाही, याचा निवाडा पंचाकडे देऊ नकोस; ज्याला लागला त्यानेच हात वर करून 'लागला' म्हणावे आणि रिंगणाबाहेर जावे. कोणी पाहिले नसताही आपली हार आपल्या मुखाने कबूल करणे, यास जे धैर्य लागते ते जोराचा फटका मारण्यास लागत नाही. आणि मुलगा आपल्या तोंडाने 'लागला' म्हणेल असा भरवसा असला, की समोरच्याला जोराने मारून दाखविण्याचे कारणच उरत नाही. सुरक्षितता आणि शौर्य या ठिकाणी एकच होतात.

पक्षही अदलून-बदलून दे. खर्ड्याचे निंबाळकर हे निजामाचेच मानकरी होते, हे मुलांना सांग, म्हणजे ही दोन राज्यांची लढाई होती, दोन धर्मांची नव्हे, हे त्यांना समजेल. लढाईच्या रात्री निजामाच्या फौजेत घबराट उडाली, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि अखेर तह झाला. तेव्हा आपला खेळही शेवटच्या फटक्यावर न संपवता तहावर संपव. दोन्ही पक्षांच्या मुलांनी कलमे स्वतः मांडावीत, वाटाघाट करावी आणि कागदावर सह्या कराव्यात. त्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेव.

हत्यारे तयार झाली की पहिला वार तू स्वतःच्या उघड्या दंडावर घेऊन पाहा, आणि जे तुला सोसवणार नाही ते कोणत्याही मुलाच्या वाट्यास येऊ देऊ नकोस. जागेच्या परवानगीची खटपट येथून मी करतो. कळावे, लोभ असावा.

तुझा मामा