नदी उतरली की ओलांडली?

इतिहासाच्या पुस्तकांचं संपादन करताना माझी पेन्सिल सर्वांत जास्त अडते ती ‘पार केली’पाशी. सैन्याने नदी पार केली, वाटसरूने घाट पार केला, नवरीने उंबरठाही पारच केला. अर्थ पोचतो, पण माणूस पलीकडे कसा गेला ते डोळ्यांसमोर येत नाही.

जुनी मराठी नदी ‘उतरते’. ऑक्टोबर १७६०च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. नदीला अजून भरपूर पाणी, वर पूल नाही. घोडी, माणसं पाण्यात घालावी लागली. काही वाहूनही गेली. भाऊसाहेब तेव्हा उत्तरेला कुंजपुऱ्याच्या बाजूला होते, त्यामुळे मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. ‘उतरला’ म्हटलं की काठावरून खाली जाणारा पाय, छातीला लागणारं पाणी आणि पत्करलेला धोका हे सगळं त्या एका शब्दात येतं. नदी जिथे चालत उतरता येते त्या जागेचं नावही ‘उतार’च.

‘ओलांडणे’ वेगळं. त्यात पाय उचलावा लागतो आणि ओलांडलेली गोष्ट खाली तशीच राहते. “निजलेल्या पोराला ओलांडू नकोस, उंची खुंटेल,” असं घरोघरच्या आज्या सांगत आल्या. पोराला पाय लागलेला नसतो. तो त्याच्या वरून गेलेला असतो, एवढंच. म्हणून पुलावरून जाणाऱ्याने नदी ओलांडली असं मी खुशाल राहू देते. पाणी खाली, पाय कोरडे.

‘उल्लंघणे’ या क्रियापदापुढे माणसांनी आखलेली रेषा असते. ती दसऱ्याच्या सीमोल्लंघनात मानाने ओलांडली जाते. पण १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचं समुद्रोल्लंघन अनेकांना खुपलं. बोट समुद्रातून नेणारच होती. आड येत होती ती रूढी.

आणि ‘पार’ची नजर सदैव पैलतीरावर. १७५८च्या मोहिमेने आपल्याला ‘अटकेपार’ दिलं. तिथे सिंधूला पाणी किती होतं हे कुणी विचारत नाही. मजल कुठवर गेली याचंच अप्रूप. अशा जागी ‘पार’ला हात लावू नये.

म्हणून खाडाखोड करण्याआधी मी लेखकाला विचारते: महिना कोणता? पूल होता का? नावा मिळाल्या होत्या का? एका लेखकाने या प्रश्नांसाठी पुन्हा मूळ पत्रं काढली, तेव्हा लष्कर थोड्याशा नावांतून तुकड्यातुकड्यांनी उतरल्याचं निघालं. पुढच्या मुक्कामाला झालेला उशीर त्यांना तोवर कोड्यात टाकत होता. तो उलगडला आणि प्रकरणातला तो परिच्छेद त्यांनी नव्याने लिहिला.