आधी पेरणी, मग परदेश

हौसेला मोल नाही म्हणतात. पण शेतकऱ्याच्या घरात हौसेलाही हंगाम पाहावा लागतो. मुलं मार्गी लागली, तसं आम्ही उभयतांनी तीन आठवडे युरोपला जायचं मनात धरलं. हिशेबाची वही माझ्याकडे आली.

पहिल्या पानावर मी खरिपाचं बियाणं, खत, मजुरी लिहिली. त्या पैशाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या पानावर निघण्याआधीचा खर्च: विमान, व्हिसा, विमा. युरोपातल्या २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. २०२४ पासून त्याची फी माणशी ९० युरो. नाकारला तरी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. इंग्लंडचा व्हिसा वेगळा, म्हणून इंग्लंड गाळलं.

तिसऱ्या पानावर २१ दिवसांचं राहणं, खाणं, रेल्वे. पॅरिस-रोमला खोलीभाड्याशिवाय माणशी दर रात्रीचा कर द्यावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो नि सगळंच महाग. तिथले सात दिवस तीनवर आणले. रोममध्ये रस्त्यावरच्या तोट्यांना पिण्याचं पाणी मिळतं, तेवढी बचत.

तरी बेरीज जड झाली. हे म्हणाले, "विहिरीकडचा तुकडा गहाण टाकू." मी म्हटलं, "तीन आठवड्यांपायी जन्माची जमीन अडकवायची नाही. एक वर्ष थांबू." चार दिवस घरात अबोला होता. मग यांनीच पोस्टात दरमहा भरायचं खातं उघडलं.

मैत्रिणींनो, आल्प्स पर्वत कुठं पळून जात नाही. गेलेली जमीन मात्र परत येत नाही.