पहिली पसंती, दुसरी पसंती

४ मे २०२२, एडिनबरा

उद्या स्कॉटलंडमधल्या सगळ्या ३२ कौन्सिलांचं मतदान. ट्रामसाठी लीथ वॉक अजून खणलेलाच आहे आणि दारात रोज नवी पत्रकं पडतायत. एका पत्रकात पक्षाचे दोन उमेदवार आहेत आणि खाली ठळक सूचना: या भागातल्या मतदारांनी अमक्याला १ द्या, तमक्याला २. दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीच्या पत्रकात हेच आकडे उलटे. दोघांनाही सारखी मतं पडावीत, कुणी सुरुवातीलाच गळू नये, यासाठी ही आखणी. या आखणीला आणखी एक कारण आहे. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात आणि पुष्कळ लोक एकाच पक्षाच्या उमेदवारांना वरून खाली आकडे देत जातात. त्यामुळे वरच्याला फायदा होतो. हा दोष सगळ्यांना ठाऊक आहे आणि अजून तसाच आहे. मला तो खटकतो.

रात्री बाबांचा पुण्याहून फोन. रखडलेल्या पालिका निवडणुका दोन आठवड्यांत जाहीर करा, असा सर्वोच्च न्यायालयाने आजच राज्य निवडणूक आयोगाला आदेश दिलाय. पुणे महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली. तेव्हापासून प्रशासक आहे. "तू तिकडे मत देणार आणि आम्ही इथे वाट बघत बसलोय," म्हणाले. मी भारतीय नागरिक, पण राष्ट्रकुलातली असल्यामुळे मला इथे मताचा हक्क आहे.

५ मे

कामावरून परतताना मत दिलं. चर्चचा हॉल, लाकडी आडोसे, दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव आणि पत्ता सांगितला, यादीत खूण झाली, मतपत्रिका हातात आली. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. कौन्सिलच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत देता येतं. २०१७ ला पहिल्यांदा या वयाच्या मुलांनी दिलं. ती आडोशामागे बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा आई वाट बघत होती, पण कुणाला दिलंस हे तिने विचारलं नाही.

मी सहा नावांपुढे आकडे लिहिले. एकावर थांबलं तरी चालतं, सगळ्यांना दिले तरी चालतं. पहिल्या दोघांबद्दल मला शंका नव्हती. चौथ्या-पाचव्याचं ठरवताना मात्र नावं पुन्हा पुन्हा वाचावी लागली, कारण तिथे 'नकोसा' आणि 'अगदीच नकोसा' यांतला फरक ठरवायचा असतो.

६ मे

मतमोजणी यंत्रावर होते, पण आज सकाळी सुरू झाली, रात्री नाही. २००७ पासून इथे हीच पसंतीक्रमाची पद्धत आहे. बाबांना विधान परिषदेमुळे कोटा माहीत आहे, तरी त्यांना उदाहरण करून पाठवलं. समजा ९००० वैध मतं आणि चार जागा. नऊ हजाराला पाचाने भागायचं, एक मिळवायचा: १८०१. तो कोटा. एखादीला २४०१ मतं पडली तर ६०० जास्तीची. मग तिच्या सगळ्याच्या सगळ्या २४०१ मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, प्रत्येकीची किंमत ०.२४९८९, म्हणजे पाव मताहून किंचित कमी. कुणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढे सरकतात. कौन्सिल हे सगळं टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करते, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत.

संध्याकाळी आमच्या लीथ वॉकचा निकाल कळला. चार जागा, चार पक्ष: एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी), ग्रीन, मजूर, लिबरल डेमोक्रॅट. मला पुण्याची २०१७ ची निवडणूक आठवली. तिथेही चार सदस्यांचा प्रभाग होता, पण अ, ब, क, ड अशा चार जागांना चार वेगळी मतं. ज्याची लाट त्याचं अख्खं पॅनेल निवडून यायचं. आमच्या प्रभागात तसंच झालं आणि ज्यांनी दुसऱ्यांना मत दिलं त्यांना हक्काचं माणूसच उरलं नाही. जागा दोन्हीकडे चारच. इथे प्रत्येकाला एकच मत आहे, पण ते पुढे सरकत राहतं, म्हणून एक गट चारही जागा सहसा नेऊ शकत नाही. पुण्यात प्रभाग दोनचा की तीनचा की चारचा यावर इतकी वर्षं भांडलो. मत कसं मोजायचं, यावर कधी बोललोच नाही.

७ मे

देशभराचे आकडे. एसएनपी ४५३, मजूर २८२, हुजूर २१४. हुजूर पक्षाने साठाहून जास्त जागा गमावल्या आणि तो तिसरा आला. टाळेबंदीतल्या पार्ट्यांसाठी पंतप्रधान जॉन्सनना एप्रिलमध्ये दंड झाला, त्याची किंमत इथल्या नगरसेवकांनी मोजली. त्यांतल्या काहींनी गावच्या रस्त्यांसाठी खरंच कष्ट केले असणार. ॲलेक्स सामंड यांच्या आल्बा पक्षाला एकही जागा नाही. ग्लासगोत एसएनपी ३७, मजूर ३६. एका पक्षाच्या हाती स्पष्ट बहुमत फक्त दोन ठिकाणी आहे: डंडीत एसएनपीचं, वेस्ट डनबार्टनशरमध्ये मजूर पक्षाचं. काही प्रभागांत मात्र जागा तेवढेच उमेदवार होते, तिथे मतदानच झालं नाही. एकूण मतदान निम्म्याहूनही कमी. याचं मला फार वाईट वाटतं.

२६ मे

एडिनबराचा कारभार अखेर मजूर पक्षाकडे गेला. ६३ जागांपैकी एसएनपी १९, मजूर १३, लिबरल डेमोक्रॅट १२, ग्रीन १०, हुजूर ९. एसएनपी आणि ग्रीन मिळून २९ होत होते. तरी कॅमी डे नेते झाले, लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर पक्षाच्या मतांवर. मजूर पक्षाचे स्कॉटलंडमधले नेते अनस सरवार यांनी औपचारिक आघाडी करणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. पण हुजूर पक्षाच्या मतांवर सत्ता घेऊ, असं माझ्या दारात पडलेल्या एकाही पत्रकात नव्हतं. मी त्या सहा आकड्यांत माझी नावड इतकी काळजीपूर्वक नोंदवली होती. मोजणी संपली की तिला कुणी विचारत नाही. हे कायद्याला धरून आहे, तरी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ट्रामच्या खोदकामातून दुकानांकडे जाणाऱ्या तुटक्या पदपथाबद्दल आज चारही नगरसेवकांना एकच पत्र लिहिलं.

११ जून

पहाटे महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या सहा जागांचा निकाल लागला. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक. पहिल्या पसंतीत ते शिवसेनेच्या संजय पवारांच्या मागे होते, पण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांची जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. बाबांनी फोनवर मलाच समजावून सांगितलं, कोट्यासकट. आमदारांना हे हत्यार मिळतं आणि त्यांनी ते किती नेमकं वापरलं!

मग विषय घराकडे वळला. सोसायटीसमोरचा नाला तुंबलाय, पाऊस तोंडावर आलाय. माजी नगरसेवक फोन उचलतात, पण त्यांच्या सहीने आता काही हलत नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायला सांगितलंय. मला इकडे चारांपैकी दोघांची उत्तरं आलीत, एक मजूर पक्षाच्या नगरसेवकाचं, एक ग्रीनच्या. पदपथाची पाहणी पुढच्या आठवड्यात. बाबांना ते सांगावं की नाही, हा विचार करत राहिले आणि शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "चौघांतल्या दोघांची? चांगलं आहे. उरलेल्या दोघांनाही परत लिही."