चाक आणि पाय

सुताराचा पोरगा मेकॅनिकलला गेला म्हणजे त्याला सगळं येतं, असा आमच्या गल्लीचा समज आहे. माझाही होता. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तो कसा गेला, त्याची ही हकिगत.

आमचं घर महाबळेश्वरला. पाहुणे येतात ते पॉइंट बघायला आणि स्ट्रॉबेरी खायला. अण्णांसाठी मात्र हे फुगलेल्या दारांचं गाव. वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लाकूड ओल पितं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळा सरला की अडकलेल्या दारांसाठी हॉटेलवाल्यांची अण्णांना बोलावणी सुरू होतात.

दुकान १० बाय १२ फूट. त्यात गोल करवतीचं मशीन: लोखंडी टेबल, खाली १ हॉर्सपॉवरची मोटर, वजन साधारण ८० किलो. लांब फळी चिरायची तर मशीन दारात ओढायचं, सर आली की परत आत. ओढणार अण्णा आणि आई. अण्णांची कंबर धरली, तेव्हा मी जाहीर केलं, "याला चाकं लावतो!"

सबमिशनला कधी जागलो नाही एवढा जागून ड्रॉइंग काढलं. अँगलची चौकट, चार कोपऱ्यांना चार फिरती चाकं, प्रत्येकाला ब्रेक. वाईहून चाकं आणली, वेल्डिंग करून घेतलं. मशीन एका हाताने ढकललं की पळायला लागलं. आईने हळदकुंकू वाहिलं. अण्णा एवढंच म्हणाले, "पळतंय झ्याक. हुभं ऱ्हातंय का बघू."

ब्रेक लावले, मोटर चालू केली, फळी घातली. पण तो ब्रेक चाकाचं पुढे-मागे जाणं थांबवतो. चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती मोकळीच राहते, हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. आमची जमीन जांभ्याची, खडबडीत. चारांतली तीनच चाकं टेकलेली. मशीन थरथरलं, अंगठाभर सरकलं. फळी तिरकी होऊन पात्यात आवळली आणि उलटी फेकली गेली. अण्णांच्या काखेजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आपटली.

अण्णांनी आधी मोटर बंद केली. मग स्वतःची बोटं मोजली. दहा होती. ती मोजणी मी अजून विसरलेलो नाही.

"चाकं काढून टाकतो," मी म्हणालो.

"चाकांनी काय केलं लेका? किराणाच्या दुकानात पोती न्यायची ट्रॉली बघितलीस न्हवं? कलती केली की चाकावर, हुभी केली की बुडावर."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून नवीन स्टँड केला. मागच्या पायांच्या बाहेर दोनच चाकं, तीही न वळणारी आणि जमिनीपासून ५ मिलिमीटर वर. काम चालू असताना चाकं अधांतरी, सगळा भार पायांवर. पायांना बोल्ट, जमीन बघून वरखाली करायला. पुढची दांडी उचलली की मशीन मागे कलतं आणि चाकं टेकतात. मोटर तळाला, मागच्या बाजूला सरकवली. वजनाचा मध्य चाकांच्या आसापासून २० सेंटिमीटरवर, दांडी १०० वर. म्हणजे ८० किलोचं मशीन उचलायला १६ किलोचा जोर. तरफ शाळेत शिकलो होतो, कंबरेला उपयोगी पडते हे आता कळलं. पात्यामागे एक पातळ पट्टीही बसवली, चिरलेली फळी पुन्हा पात्याला आवळू नये म्हणून.

अण्णांनी चारही पायांभोवती खडूने गोल काढले आणि दिवसभर फळ्या चिरल्या. संध्याकाळी बघितलं, पाय गोलातच होते. आता मशीन आई एकटी दारात नेते.

पुढच्या सेमिस्टरला व्हायव्हात सरांनी विचारलं, "मशीनचा बेस पक्का का असावा?" पुस्तकातलं उत्तर पाठ होतं. तोंडातून भलतंच निघालं, "सर, चालवणाऱ्याला दहाच बोटं असतात म्हणून."

सर हसले. मार्क किती दिले, ते मात्र विचारू नका!