चार ओळींची पत्रं

सातारा,
८ फेब्रुवारी २०२६

चि. बायडीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. शाळा, घर, तात्याची औषधं, इतक्या धावपळीत तू कागदावर चार पानं लिहिलीस याचंच मला किती बरं वाटलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसता आनंद होता. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तिसऱ्या पानावर अडखळले. जी मुलं आठवड्याला एक पुस्तक वाचून वहीत सारांश लिहिणार नाहीत, त्यांचा शनिवारचा खेळाचा तास बंद, असं तू लिहिलंयस. रात्री काही केल्या डोळा लागेना. शेवटी उठून दिवा लावला आणि लिहायला बसले.

तू विचारलं होतंस एवढंच, की माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या दहा हजारांत शाळेसाठी कोणती पुस्तकं घेऊ. यादी देते, शेवटी देते. आधी माझं ऐकून घे. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी पत्र पुरतं वाच.

तुझा बाप पाचवीत होता, मी सातवीत. तेव्हाचा तात्या तुला माहीत नाही. वाण्याकडून साखर-चहाची पुडी आली की आई सामान डब्यात ओतायची आणि तात्या पुडीचा कागद मांडीवर ठेवून तळहातानं सरळ करायचा. तेलाचे डाग पडलेला, अर्धा फाटलेला कागद. कधी कुठल्या खटल्याची बातमी, कधी गोष्टीचं मधलंच पान. ते तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा आणि पुढं काय झालं असेल ते मला विचारायचा. मग एक दिवस वर्गात धडा वाचताना अडखळला. गुरुजींनी तो धडा दहा वेळा लिहून काढायला सांगितला आणि बाकीची पोरं हुतूतू खेळायला सोडली. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो मला दिसत होता. मान खाली, पाटीवर पेन्सिल, बाहेर पोरांचा दंगा. त्या वर्षी हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण दिवाळीनंतर पुडीचे कागद चुलीत जायला लागले. मी दिला तरी तो हातात घेईना. पंधराव्या वर्षी गलाईच्या कामाला कोइमतूरला गेला, त्यानंतर मी त्याच्या हातात पुस्तक म्हणून पाहिलं नाही. चाळीस वर्षं त्या माणसानं परक्या मुलखात सोनं गाळलं, बहिणींची लग्नं केली, तुला शिकवलं. वाचनाचं मात्र त्याच्यातून जे गेलं ते गेलंच. बायडे, त्याच्याच लेकीनं खेळाचा तास आणि पुस्तक एकमेकांसमोर उभं करावं, हे मला सोसवलं नाही.

आता तुझी गोष्ट सांगते, कारण तू ती विसरलीयस असं दिसतंय. तात्याचं अंतर्देशीय महिन्याकाठी यायचं. त्यात चारच ओळी. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, मनीऑर्डर केली आहे, पोरीची शाळा चुकवू नये. आजीला वाचता येत नव्हतं आणि तू तिसरीत होतीस. मी सुट्टीत घरी आले होते, उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते. तू पत्र उघडलंस आणि त्या चार ओळींनंतर थांबलीच नाहीस. आईच्या गुडघ्याला रोज तेल लावावं, म्हशीला ऊन लागू देऊ नये, इकडं पाऊस फार झाला, मला तुझ्या हातच्या भाकरीची आठवण येते. कागदावर यातलं अक्षरही नव्हतं. आजी डोळे पुसत म्हणाली, पुन्हा वाच गं. आणि तू सगळं पुन्हा तसंच वाचलंस. तेल, म्हैस, पाऊस, भाकरी, त्याच क्रमानं. मी सूप खाली ठेवलं. मनात म्हटलं, ही पोरगी वाचणार.

तुला कुणी वही दिली होती का गं? सारांश मागितला होता? तुझ्यासमोर एक म्हातारी होती आणि तुझ्या तोंडाकडं बघत होती, एवढंच होतं.

तिथंच माझं सगळं म्हणणं आहे. आपण पोराला एकट्याला कोपऱ्यात पुस्तक देऊन बसवतो आणि त्याला गोडी लागत नाही म्हणून त्याच्यावर चिडतो. एकट्यानं, मनातल्या मनात वाचणं ही फार पुढची पायरी. आधी कुणीतरी आपल्याला वाचून दाखवलेलं असावं लागतं, नाहीतर आपण कुणासाठी तरी वाचलेलं असावं लागतं. आपल्या मुलखाला तर हे सांगायलाच नको. चातुर्मासात देवळात हरिविजय लागायचा तेव्हा गावात वाचता येणारी माणसं किती होती? एकजण वाचायचा आणि सगळं गाव ऐकायचं. बाया वाती वळायच्या, पोरं खांबाला टेकून पेंगायची, पण अध्याय संपला की उद्या काय होणार म्हणून घरापर्यंत बोलत यायची.

अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव तुमच्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. ते दीड दिवस शाळेत गेले, हे तू भाषणात दरवर्षी १ ऑगस्टला सांगतेस आणि पोरं टाळ्या वाजवतात. पुढचं सांगतेस का? अक्षर त्यांनी मुंबईत गाठलं, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पोवाडे आणि गाणी त्यांना तोंडपाठ होती. कान आधीच भरलेला होता, मग डोळ्याला अक्षर सापडलं. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ साली आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, पण तिच्यातली माणसं त्यांच्या कानात लहानपणापासून बोलत होती असंच मला ती वाचताना दर वेळी वाटतं.

तुझ्या वर्गातली निम्मी पोरं गलाईवाल्यांची. आईबाप केरळात, तमिळनाडूत, कुठं कुठं, आणि पोरं आजीआजोबांपाशी. पूर्वी त्यांच्याकडं निदान पत्र यायचं. घरात पाचवीतलं पोर असलं की सगळ्या आळीची पत्रं त्याच्याकडं. आता रात्री मोबाईलवर बापाचा चेहरा दिसतो, बोलणं होतं, आणि ते चांगलंच आहे. तात्याला तुझं तोंड वर्षातून एकदा दिसायचं हे मी विसरलेले नाही. पण त्या पोरांचं एक काम गेलं, घरातल्या मोठ्या माणसाला आपल्या वाचण्याची गरज असण्याचं. त्याच्या जागी आपण काय दिलं? स्पर्धा, सारांशवही आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी फुलं वाहून झाली की कपाटाला पुन्हा कुलूप लागतं. तुझ्या शाळेत लागत नसेल, पण मला ते कुलूप चांगलं माहीत आहे. वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी तीस वर्षं बसलेय मी.

तुमच्या मुख्याध्यापकांना गावात भोंगा बसवायचाय, असंही लिहिलंयस. मोहित्यांच्या वडगावचं मी सगळं वाचलंय. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावानं ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला पुन्हा वाजतो. कडेगाव तालुक्यातल्या लहानशा गावाला हे जमलं याचा मला अभिमान वाटतो, आणि सगळ्यात जास्त कशाचा, तर मोठ्या माणसांनीही स्वतःचा टीव्ही बंद केला याचा. तेव्हा भोंगा जरूर बसवा. पण त्या दीड तासात घरात कोण कुणाला काय वाचून दाखवणार, हे आधी ठरवा. नाहीतर पोर दप्तर उघडून गृहपाठ करतं, आजी भिंतीकडं बघत बसते आणि साडेआठची वाट सगळेच बघतात.

भिलारच्या सहलीचंही तू फार मनाला लावून घेतलंस. पोरांनी स्ट्रॉबेरी खाल्ली आणि फोटो काढले, पुस्तकांकडं कुणी बघितलं नाही, म्हणालीस. अगं, आपल्या गावापासून इतक्या लांब, थंडीत, एका दिवसात कोण वाचक होतं? ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव सुरू झालं तेव्हा मी तिथं गेले होते. पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली होती, तीही लोकांच्या राहत्या घरांत. मला पुस्तकांच्या संख्येपेक्षा ते फार आवडलं. पडवीत कपाट, शेजारी कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी, आणि घरातली बाई न विचारता पाणी आणून देते. तुझ्याच बोलण्यात आलं होतं बघ, एक मुलगा बसमध्ये चढायला तयार नव्हता, कारण त्याचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते तू सांगितलंच नाहीस. ते पुस्तक त्याला मिळवून दिलंस का? मी वर्षभर त्याचाच विचार करतेय.

परवा जानेवारीत इथं शाहू स्टेडियमवर ९९ वं साहित्य संमेलन झालं. ग्रंथप्रदर्शनात मी रोज गेले. एका गाळ्यावर सात-आठ वर्षांची मुलगी हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक उघडून उभी होती आणि ओठ हलवत वाचत होती. बोट ओळीखाली ठेवून, एकेक अक्षर जोडत. आई म्हणाली, हे नको, ह्यात चित्रंच जास्त आहेत, सामान्यज्ञानाचं घे. मुलीनं पुस्तक मिटलं. जिथलं होतं तिथंच, त्याच ढिगावर, कडा जुळवून ठेवलं. मी तिथं उभी होते आणि मी काही बोलले नाही. ते पुस्तक विकत घेऊन मी तिच्या मागं धावायला हवं होतं. गर्दीत दिसेनाशी झाली. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून सांगते, एवढं कर. ती सारांशाची वही बंद कर. खेळाचा तास ज्याचा त्याला दे. रोज शेवटची दहा मिनिटं पोरांना मोठ्यानं वाचून दाखव, आठवी-नववीला सुद्धा. मिशा फुटलेली पोरं आधी हसतील, चौथ्या दिवशी गप्प होतील. ऐन रंगात आलं की थांब आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून निघून जा. तात्पर्य विचारू नकोस, शब्दार्थ विचारू नकोस. आणि प्रत्येकाला सांग, घरी जाऊन आजीला किंवा धाकट्या भावाला एक पान वाचून दाखवायचं. कुणी मधे आपल्या मनाच्या दोन ओळी घातल्या तर घालू दे. तू घातल्या होत्यास. पुस्तकं कपाटातून बाहेर काढ, फळीवर ठेव. फाटतील, हरवतील, भाजीचे डाग पडतील. २०१९ च्या पुरानंतर मी सांगलीत आले होते तेव्हा १८६९ पासूनच्या नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं पाण्यानं काय केलं ते बघून मला रडू आवरलं नव्हतं. कपाटात राहिलेलं पुस्तकही शेवटी कशानं तरी जातंच. पोरांच्या हातून जाऊ दे.

आता यादी. ‘किशोर’ची वर्गणी भर. बालभारतीचं आहे, १९७१ पासून निघतंय आणि स्वस्त आहे. लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं. मधल्यांना ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. नववीला ‘बनगरवाडी’. तिच्या लेखकाचं माडगूळ तुमच्या इतक्या जवळ, आणि तिच्यातला मास्तर तर तुमच्याच माणदेशातला, कोवळा, घाबरलेला. अण्णाभाऊंच्या कथा. दहा हजारांत शंभर वेगवेगळी घेण्यापेक्षा कमी घे आणि प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती घे. दोघं एकच पुस्तक वाचत असले की बोलायला विषय मिळतो. बोधकथांचे संच कुणी फुकट दिले तरी नको.

हे सगळं लिहून झालं आणि मगाशी एकदम आठवलं. तुझा घसा! गेल्या वर्षी डॉक्टरांनी महिनाभर मौन धरायला सांगितलं होतं, आणि परवा फोनवर तुझा आवाज पुन्हा फाटल्यासारखा येत होता. मी विचारलं तर धुळीनं म्हणालीस. आणि मी इथं बसून तुला रोज मोठ्यानं वाच म्हणून सांगतेय. बायडे, आधी विट्याला जाऊन घसा दाखवून ये. नुसतं कोमट पाणी आणि हळद करत बसू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू एक ओळ वाचायची नाहीस. नववीतल्या दोन मुली निवड, त्या वाचतील, तू मागच्या बाकावर बसून ऐक. सहा तास खडूच्या धुळीत बोलायचं आणि घरी येऊन तात्याला ऐकू येत नाही म्हणून पुन्हा ओरडून बोलायचं, असं किती दिवस चालेल?

तात्याच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव, मी आठवडाभर आधी येईन. पट्टी असेल तोवर त्याला टीव्ही बघता येणार नाही. त्या दिवसांत त्याच्यापाशी मी बसेन. वाण्याच्या पुडीचा कागद आता मिळत नाही, पण घरात काहीतरी असेलच. तू त्याला यातलं काही सांगू नकोस.

घशाचं काय झालं ते मात्र या शनिवारपर्यंत कळव. पत्रानं नको, फोन कर. आणि फोनवर हळू बोल.

तुझी,
आत्या