पंचमची नवी कॅसेट

१९९० च्या सुमारास प्रत्येक लहानमोठ्या गावात कॅसेटचे एखादे तरी दुकान असे. दाराशी दोन मोठे स्पीकर, काचेच्या कपाटात उभ्या रचून ठेवलेल्या कॅसेटी आणि गल्ल्यावर बसलेला मालक, एवढाच त्याचा थाट. महाविद्यालयातून परतणारी मुले तिथे हटकून थांबत. ती काही विकत घेतीलच असे नाही. बहुधा घेत नसतच. आत डोकावून ती एवढेच विचारीत, "आली का?" काय आली, हे सांगण्याची गरज नसे. कोणता मुलगा कोणत्या संगीतकाराची वाट पाहतो आहे, हे मालकाला पाठ झालेले असे.

त्या काळी चित्रपटाआधी त्याची गाणी येत. कधी काही आठवडे आधी, तर कधी काही महिने आधी. गाण्यांवरून चित्रपटाची हवा तयार होई; पण खऱ्या संगीतवेड्याला चित्रपटाशी फारसे कर्तव्य नसे. कॅसेट हाती आली की वेष्टनावरच्या नायक-नायिकेकडे तो पाहतही नसे. आतला घडीचा कागद उलगडून बारीक अक्षरांतली नावे तो आधी वाची. गाणी सहा की आठ, पहिल्या बाजूला कोणती, दुसऱ्या बाजूला कोणती, कोणते गाणे कोणी गायले आहे, हे वाचतानाच अर्धे गाणे त्याच्या मनात वाजू लागे. प्रत्यक्षातले गाणे मग या मनातल्या गाण्याशी जुळे किंवा न जुळे. संगीतकाराची खरी स्पर्धा इतर संगीतकारांशी नसते, ती चाहत्याने आधीच मनात रचून ठेवलेल्या त्या गाण्याशी असते.

अशा वाट पाहणाऱ्यांमध्ये राहुलदेव बर्मन यांचे चाहते निराळे होते. नदीम-श्रवण किंवा आनंद-मिलिंद यांच्या चाहत्यांना आपल्या आवडत्या संगीतकाराचे पुढचे यश पाहायचे होते. पंचमच्या चाहत्यांना मात्र आपला माणूस परत आलेला पाहायचा होता.

तो गेला कुठे होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सचिनदेव बर्मन यांचा हा मुलगा २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात जन्मला. त्याने अली अकबर खाँ यांच्याकडे सरोदचे धडे घेतले, वडिलांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले आणि १९६१ मध्ये 'छोटे नवाब'ला स्वतंत्रपणे संगीत दिले. खरे नाव झाले ते १९६६ च्या 'तीसरी मंझिल'मुळे. त्या चित्रपटाचे नायक शम्मी कपूर यांना आरंभी शंकर-जयकिशन हवे होते. पंचमच्या चाली ऐकल्यावर त्यांनी होकार दिला. कारकिर्दीच्या दाराशीच अशी परीक्षा द्यावी लागली आणि ती देणारा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला.

पुढची दहा-बारा वर्षे वाट पाहण्याला जणू सवडच मिळाली नाही. 'कटी पतंग', 'कारवाँ', 'हरे राम हरे कृष्ण', 'अमर प्रेम', 'यादों की बारात', 'आँधी', 'शोले' अशी एकामागून एक गाणी येत राहिली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' ऐकायला घरोघरी रेडिओभोवती माणसे जमत आणि आपले गाणे कितव्या पायरीवर आहे यावर पैजा लागत. 'पडोसन'मध्ये कंगवा वाजला, 'यादों की बारात'मध्ये पेल्यावर चमचा वाजला, 'शोले'त रिकाम्या बाटल्यांत फुंकर घालून ताल धरला गेला. पुढच्या गाण्यात हा माणूस घरातली कोणती वस्तू वाजवायला घेणार, याची उत्सुकता चाहत्यांना असे. मारुतराव कीर यांच्यासारखे मराठी तालवादक त्याच्या वादकांच्या जथ्यात होते. बंगालमध्ये तर आणखी एक सोय होती. दुर्गापूजेच्या सुमारास नव्या गाण्यांच्या तबकड्या काढण्याची तिथली परंपरा जुनी; पंचमच्या पूजेच्या गाण्यांची कोलकात्यातले रसिक वाट पाहत आणि त्यांतल्या काही चाली पुढे हिंदीत आल्या की, "आम्ही आधीच ऐकली होती," असे अभिमानाने सांगत.

१९८२ च्या 'सनम तेरी कसम'साठी आणि १९८३ च्या 'मासूम'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. इतकी वर्षे लोकांच्या तोंडी असलेल्या माणसाला पहिला फिल्मफेअर इतक्या उशिरा मिळावा, हे आजही चमत्कारिक वाटते. आणि नेमक्या त्याच सुमारास उतार सुरू झाला. डिस्कोची लाट आली, मारधाडीच्या चित्रपटांत गाण्यांची किंमत घटली आणि पंचमचे चित्रपट एकापाठोपाठ एक पडू लागले. चित्रपट पडला की दोष संगीताच्याही वाट्याला येतो. 'तीसरी मंझिल'पासून ज्यांच्याशी जोडी जमली होती, त्या नासिर हुसेन यांच्या घरचा 'कयामत से कयामत तक' १९८८ मध्ये आला, तेव्हा संगीतकार म्हणून नाव होते आनंद-मिलिंद यांचे. त्याच वर्षी पंचमना हृदयविकाराचा झटका आला. पुढे लंडनला शस्त्रक्रिया झाली. ज्या खोलीत एकेकाळी निर्मात्यांची रांग लागे, तिथे येणाऱ्यांची संख्या रोडावली.

काम मात्र थांबले नव्हते, आणि ते दुय्यमही नव्हते. १९८७ च्या 'इजाजत'मधील गीताने गुलजार आणि आशा भोसले या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्याच वर्षी 'दिल पडोसी है' हा चित्रपटाबाहेरील गाण्यांचा संच आला. १९८९ चा 'परिंदा' आला. पण बाजाराचे लक्ष दुसरीकडे लागले होते. उरलेला चाहता मग एकटा पडला. मित्रांच्या घोळक्यात पंचमचे नाव काढले की कोणीतरी म्हणे, "संपला रे तो आता." वादाला तोंड देण्यासाठी त्याच्याजवळ जुन्याच गाण्यांची शिदोरी होती, नवे गाणे दाखवावे तर समोरच्याने ते ऐकलेले नसे. दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या, स्वस्तात काढलेल्या कॅसेटींच्या ढिगातून तो न चाललेल्या चित्रपटांची नावे शोधी. आठ गाण्यांतले एखादे असे निघे की सायकलवरून घरी जाताना तो पॅडल मारायचे विसरून जाई. १९९३ मध्ये 'गर्दिश' आला, तेव्हाही असेच काही जण दुकानात गेले.

अशा वेळी बातमी आली की विधू विनोद चोप्रा '१९४२: अ लव्ह स्टोरी' नावाचा चित्रपट काढीत आहेत, गीते जावेद अख्तर यांची आहेत आणि संगीत राहुलदेव बर्मन यांचे.

बातमी तेवढीच. आज नव्या गाण्याचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे आधीच कानावर पडतात. त्या वेळी सिनेमासिकातल्या चार ओळी आणि एखादे छायाचित्र यांवर महिनेच्या महिने काढावे लागत. चाहत्यांनी या चार ओळींचा कीस पाडला. गोष्ट स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली, म्हणजे विजेची गिटार नाही, डिस्कोचा ठेका नाही. ज्या वाद्यांनी पंचमला पंचम केले, तीच बाजूला ठेवायची? काहींचा धीर सुटला. काहींना मात्र यातच आशा दिसली. कारण या माणसाच्या घरात सचिनदेवांचा सूर होता आणि तो अजून पुरता खर्ची पडलेला नव्हता.

बैठकीच्या खोलीत काय चालले होते, हे पुढे दिग्दर्शकाने सांगितले. पंचमनी ऐकवलेली पहिली चाल चोप्रांना आवडली नाही आणि त्यांनी ती तोंडावर नाकारली. आपल्याला हवे आहे ते जुन्या बर्मन घराण्याचे संगीत, असे त्यांनी सुचवले. एरवी ही गोष्ट दिग्दर्शकाच्या धाडसाचे कौतुक म्हणून सांगितली जाते. तिच्यात पंचमचे धाडस अधिक आहे. तीन दशके आणि तीनशेच्या घरातले चित्रपट मागे असलेल्या, आजारी आणि बाजाराने दूर लोटलेल्या माणसाने ती नकारघंटा ऐकून घेतली, थोडा वेळ मागितला आणि तो पुन्हा पेटीपुढे जाऊन बसला. 'तीसरी मंझिल'च्या वेळी सत्तावीस वर्षांच्याही आत असलेल्या मुलाने परीक्षा दिली, त्यात नवल नाही. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणे सोपे नव्हते.

४ जानेवारी १९९४ रोजी मुंबईत राहुलदेव बर्मन यांचे हृदयविकाराने निधन झाले.

त्या दिवसानंतर वाट पाहण्याचा अर्थच पालटला. चाहते आता ज्याची वाट पाहत होते ते पुनरागमन राहिले नव्हते, आणि तरीही ते पूर्वीपेक्षा अधिक आतुर झाले होते. कॅसेट सुमार निघाली तर? "संपला," म्हणणारे खरे ठरले तर? त्याला उत्तर देण्याची दुसरी संधी आता नव्हती. मृत्यूनंतर चांगले बोलण्याची रीत असते. गाणी वाईट निघाली असती तरी लोकांनी ती गोड मानून घेतली असती, आणि ही सहानुभूती त्या चाहत्यांना पराभवाहूनही नकोशी वाटली असती.

कॅसेट आली. ज्यांनी ती त्या दिवसांत विकत घेतली, त्यांच्या आठवणी एकमेकींशी बऱ्याच जुळतात. पहिल्यांदा ऐकताना कान सवयीने जुना पंचम शोधत होते: तो खोडकर ठेका, ते मध्येच उसळणारे पितळी वाद्य, तो चकवा. ते फारसे सापडले नाही. चाली सरळ होत्या, वाद्यमेळ संयत होता, गायकाला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला शब्द ऐकायला जागा होती. प्रेमात पडलेल्या तरुणाने मुलीचे रूप उपमांमागून उपमा देत वर्णावे अशा गाण्यात एखाद्या संगीतकाराने अलंकारांची आतषबाजी केली असती. इथे सूर एकाच लयीत चालत राहतो आणि उपमांना पुढे होऊ देतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना उलगडा होऊ लागला. सचिनदेवांची सावली स्पष्ट होती, पण स्वरांचे वळण मुलाचेच होते. कॅसेटची बाजू संपली की ती उलटायची, पुन्हा उलटायची. फीत सैल झाली की पेन्सिल घालून घट्ट करायची. किती कॅसेटी अशा झिजल्या असतील, कोण जाणे.

मग वाद सुरू झाला, आणि तो बरीच वर्षे चालला. काहींच्या मते हा पंचमचा परमोत्कर्ष. काहींच्या मते ही गाणी सुंदर खरी, पण यात 'कारवाँ'चा वाघ पिंजऱ्यात घातलेला आहे. दुसऱ्या मतात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. परंतु चाहत्याला संगीतकार नवा हवा असतो आणि तोच जुनाही हवा असतो. ही मागणी पुरी करणे कोणाच्या बापाला जमलेले नाही. इथे वडिलांचा आधार घेऊन ती बऱ्याच अंशी पुरी झाली होती.

१९९४ हे वर्ष सोपे नव्हते. त्याच वर्षी 'हम आपके हैं कौन' चौदा गाण्यांसह आला आणि नागपूरचे विजय पाटील, म्हणजेच रामलक्ष्मण, यांच्या चाली लग्नमंडपांत वाजू लागल्या. तरीही १९९५ मध्ये फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार पंचमना मिळाला. गीतलेखनाचा जावेद अख्तर यांना, गायनाचे कुमार सानू आणि कविता कृष्णमूर्ती यांना, तेही याच चित्रपटासाठी. ज्या दुकानांत त्यांच्या कॅसेटी कोपऱ्यात पडून होत्या, त्याच दुकानांच्या दाराशी ही गाणी दिवसभर वाजत राहिली.

निर्मात्यांनी आणि कंपन्यांनी पंचमकडे पाठ फिरवली, असे नेहमी लिहिले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. १९८४ ते १९९३ या काळात त्यांची नवी कॅसेट न घेता पुढे निघून जाणारे ग्राहक कोण होते? त्यांतले अनेक जण १९९४ मध्ये डोळे पुसत होते. जुनी गाणी गुणगुणत नव्या गाण्याची चौकशीही न करणारा रसिक स्वतःला चाहता म्हणवतो, आणि संगीतकाराच्या दाराशी मात्र त्या चाहतेपणाची कसलीच खूण पोचत नाही. त्या न चाललेल्या चित्रपटांत किती चांगली गाणी होती, हे पुष्कळांना कळले ते त्यांच्या जाण्यानंतर.

१९९५ मध्येच फिल्मफेअरने नव्या संगीत-प्रतिभेसाठी राहुलदेव बर्मन यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्याने ए. आर. रहमान यांना दिला. दुकानाच्या दाराशी "आली का?" विचारणारी मुले आता रहमानच्या कॅसेटची वाट पाहू लागली.

पंचमच्या चाहत्यांना पुढे वाट पाहण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ते मागे वळले. पडलेले चित्रपट, बंगाली पूजेची गाणी, 'लिबास'सारखा चित्रपटगृहांत कधी रीतसर न लागलेला चित्रपट, यांतून ते आपल्यापुरते नवे गाणे शोधून काढू लागले. कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या, त्याही गेल्या. हा शोध चालू राहिला. पुण्यामुंबईत, कोलकात्यात त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम होतात, तेव्हा 'शोले' आणि 'कारवाँ' झाल्यावर निवेदक एखाद्या विस्मृतीत गेलेल्या चित्रपटाचे नाव घेतो. सभागृहात क्षणभर कुजबुज होते. पहिल्या दोन स्वरांवर मागच्या रांगेतला कोणी पन्नाशीचा गृहस्थ मान डोलावतो. त्याच्या शेजारी बसलेला, १९९४ नंतर जन्मलेला मुलगा गाणे संपेपर्यंत गप्प राहतो आणि मग वाकून चित्रपटाचे नाव पुन्हा विचारून घेतो.